डोंगराची उत्तर बाजू

जहाजावर त्याला सगळे जावई म्हणत. तोंडावर जावईबापू, पाठीमागे नुसतंच जावई. नाव ज्याने कोणी ठेवलं त्याने विचार करून ठेवलं होतं. अख्ख्या जहाजावर हा एकटाच माणूस असा होता की ज्याला काम सांगायची सोय नव्हती, ज्याच्या खाण्यापिण्याची हयगय करून चालत नव्हतं आणि जो कधी एकदा उतरतोय याची सगळे मनातल्या मनात वाट पाहत होते.

गंमत अशी की हा जावई आयुष्यात कोणाचाच जावई झाला नव्हता. पन्नाशीला टेकला तरी लग्नाचं घोडं कुठे ना कुठे अडतच गेलं. आधी आईचं आजारपण, मग वर्षातले निम्मे महिने समुद्रावर, आणि मग खरं सांगायचं तर नुसताच कंटाळा. खलाशांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी दुसरं एखादं नाव शोधलं असतं, कारण माणसं काही दुष्ट नव्हती.

तो होता सरकारी संस्थेचा निरीक्षक. खोल समुद्रात तळाशी जाळं ओढणाऱ्या प्रत्येक जहाजावर असा एक निरीक्षक असलाच पाहिजे, असा नियम होता. हे जहाज ज्या ठिकाणी मासेमारी करत होतं तिथे पाण्याखाली एक डोंगर होता. वरून पाहाल तर चारी बाजूंना नुसतं पाणी. पण खाली, जिथे उजेडाचा कणही पोचत नाही तिथे, तो डोंगर उभा होता आणि त्याच्या अंगाखांद्यावर एक तांबडा, सुरकुतल्या तोंडाचा मासा थव्याने राहत होता. खलाशी त्याला आजोबा म्हणत. तेही नाव चुकलेलं नव्हतं. त्या माशाच्या कानातलं हाड कापून जावई त्यातली वलयं मोजायचा, आणि डेकवर तोंड वासून पडलेला एखादा आजोबा खरोखरच डेकवरच्या सगळ्यांच्या आजोबांपेक्षा म्हातारा निघायचा.

जाळं वर आलं की जावईचं काम सुरू व्हायचं. माशांबरोबर तळाचे प्रवाळ आणि स्पंज तुटून येत. ते वेचायचे, वजनकाट्यावर ठेवायचे. वजन ठरलेल्या मर्यादेत असलं तर ठीक. वर गेलं तर जहाजाने जाळं गुंडाळून पाच मैल लांब जायचं आणि त्या हंगामात त्या जागी परत फिरकायचं नाही. म्हणजे जावईच्या काट्याने मान वर काढली तर जहाजाचं चालू काम बंद. मग त्याच्याशी कोण कशाला गोड बोलेल?

कोणीच बोलत नसे. आणि त्यात नुसता राग नव्हता, शिस्त होती. मागे कधीतरी दुसऱ्या एका निरीक्षकाने जेवणाच्या टेबलावर ऐकलेल्या गप्पा जशाच्या तशा अहवालात उतरवल्या होत्या, तेव्हापासून कॅप्टनचा हुकूम होता की निरीक्षकासमोर बोलायचं ते हवेबद्दल आणि जेवणाबद्दल. जावई ताट घेऊन आत आला की रेडिओ बंद करावा तशा गप्पा बंद व्हायच्या. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणायचं, "आज वारा जरा पडलाय." दुसरा म्हणायचा, "रस्सा बरा झालाय." एवढं बोलून सगळे मूग गिळून बसायचे. माणसाने वाऱ्याबद्दल किती दिवस बोलावं? जावई भराभर जेवायला शिकला. मग केबिनमध्ये जाऊन तो भिंतीकडे तोंड करून पडे, कारण दुसऱ्या बाजूला तोंड केलं तर दाराखालून हसण्याचे आवाज येत.

याला तो सरावला होता, असं तो स्वतःला सांगायचा. सरावला बिरावला काही नव्हता.

हे सगळं बदललं ते एका माणसाचं मनगट मोडल्यामुळे. डेकवर काम करणारा एक खलाशी दोरावरून घसरला, हात प्लास्टरमध्ये गेला आणि तो गोळ्या खाऊन बर्थवर झोपून राहू लागला. तो पत्त्यांतला चौथा भिडू होता. रोज संध्याकाळच्या जेवणानंतर जेवणाच्या खोलीत चौघांचा डाव बसायचा, वर्षानुवर्षं तेच चौघे. तिघांनी खेळून पाहिलं, पण लंगडा डाव तो. दोन दिवसांत तिघेही एकमेकांवर खेकसायला लागले. तिसऱ्या दिवशी जावईच्या केबिनच्या दारावर थाप पडली.

दारात मामा उभा होता. मामा म्हणजे विंच चालवणारा. जाळ्याचे जाडजूड लोखंडी दोर सोडणारं आणि ओढणारं ते यंत्र त्याच्या ताब्यात असायचं. साठीच्या घरातला, रुंद हाडांचा, यंत्राच्या आवाजाने एक कान अधू झालेला. कॅप्टनपासून पोऱ्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत.

"जावईबापू, पत्ते येतात का?"

"येतात थोडेफार."

"भांडता येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे हरलो की भिडूवर ओरडायचं असतं. न ओरडणारा माणूस आम्हाला नको."

"शिकेन," जावई म्हणाला.

तो मामाचा भिडू झाला आणि पहिल्याच डावात त्याने हातातला हुकूम नको तिथे वाया घालवला. मामाने पत्ते टेबलावर आपटले. "अरे गाढवा! समोरच्याचं पान काय होतं? डोळे आहेत का भोकं?" बाकीच्या दोघांनी दचकून पत्त्यांतून मान वर काढली, कारण सरकारी माणसाला गाढव म्हणणं जरा जास्तच झालं होतं. जावईला मात्र हसू फुटलं. संस्थेत सगळे त्याला साहेब म्हणत, इमारतीतले काका म्हणत, आणि आई गेल्यापासून गाढव कोणी म्हटलंच नव्हतं. तो हसला तसे बाकीचेही हसले आणि डाव पुढे सुरू झाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याला हाक येऊ लागली. मामा त्याला अरे-तुरे करू लागला. हवेचा विषय मागे पडला. कोणाची बायको माहेरी जाऊन बसलीय, कॅप्टन घोरतो की शिट्टी मारतो, असल्या गोष्टी त्याच्या कानावर येऊ लागल्या आणि त्यातलं एक अक्षरही त्याने कुठे लिहिलं नाही. झोपायला जाताना कोणी ना कोणी "चल रे, उद्या" म्हणायचं. एवढ्या तीन शब्दांवर तो किती खूश व्हायचा हे सांगितलं तर तुम्ही हसाल, पण तो व्हायचा.

याच दिवसांतली गोष्ट. जावईच्या बर्थखाली एक पोलादी डबा होता. त्यात कॅमेरा आणि दिवा होता, खोल पाण्याचा दाब सोसेल असा. संस्थेच्या कार्यशाळेतून त्याने तो हट्टाने करून घेतला होता. जाळ्याच्या तोंडाशी बांधायचा आणि खाली काय चाललंय ते पाहायचं. निघाल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने कॅप्टनला विचारलं होतं. कॅप्टनने विचारलं, "नियमात आहे?" नव्हतं. "मग नाही," म्हणून कॅप्टनने विषय संपवला, आणि डबा तिथेच धूळ खात पडला.

एका संध्याकाळी पत्त्यांसाठी बोलवायला आलेल्या मामाच्या पायाला तो डबा लागला.

"हे काय बाळगलंयस?"

जावईने सांगितलं. मामा खाली बसला. डबा उचलून, फिरवून, काचेतून आत डोकावून पाहत राहिला.

"म्हणजे तळ दिसेल?"

"दिसेल."

"अख्खा जन्म तिथे जाळं सोडतोय मी. आणि बघितलं काय, तर पाणी!" मामाने डबा काखोटीला मारला. "उद्या बांधतो."

"कॅप्टन?"

"कॅप्टनला मी बघतो. त्याला पहिल्यांदा बोट लागली तेव्हा बादली मीच धरली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने स्वतःच्या हाताने तो डबा जाळ्याच्या वरच्या दोराला बांधला. कॅप्टनने वरच्या काचेतून ते पाहिलं आणि कानाडोळा केला.

तेव्हा जहाज डोंगराच्या दक्षिण उतारावर होतं. चित्रण जावईने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत दाखवलं. सगळे उत्साहाने गोळा झाले आणि थोड्या वेळाने एकेक जण उठून गेला. काही नव्हतंच पाहण्यासारखं. गढूळ पाणी, राखाडी चिखल, मधूनमधून दगडांचे खुंट. "हेच का ते?" मामा म्हणाला. "अरेरे. मला वाटलं, काहीतरी असेल." जावईला मात्र त्यात काही खटकलं नाही. दक्षिण उतारावर त्याचा काटाही रोज शून्याच्या आसपास असायचा. प्रवाळ नाहीत म्हणजे नुकसान नाही, जागा स्वच्छ आहे, असंच तो धरून चालला होता. संस्थेतही सगळे तेच धरून चालत. या डोंगरावरच्या जागांपुढे त्याने किती हंगाम 'स्वच्छ' असा शेरा मारला होता.

काही दिवसांनी दक्षिण उताराच्या टोकाला एक जाळं जड आलं. मासे थोडे आणि प्रवाळांचे तुकडेच जास्त. काटा मर्यादेच्या वर गेला. जावईला ते सांगणं जिवावर आलं, पण त्याने सांगितलं, आणि कोणी फारसं वाकडं तोंड केलं नाही. नियमाप्रमाणे पाच मैल जायचं होतं. ते गेले डोंगराला वळसा घालून उत्तर बाजूला. तिथे पहिल्याच खेपेला जाळं आजोबांनी गच्च भरून आलं. डेकवर आरोळ्या उठल्या. मामाने लांबूनच जावईला दोन्ही हात वर करून दाखवले. त्या जाळ्यात प्रवाळ किती? ओंजळभर. जावईने ओंजळभर तुकडे काट्यावर ठेवले आणि त्यालाही बरं वाटलं. आता इथून हलायची गरज नव्हती. संध्याकाळचा डाव आज रंगणार होता.

दुपारी तो केबिनमध्ये एकटाच चित्रण पाहायला बसला.

आधी काळोख. मग दिव्याच्या उजेडात एक फांदी आली. पांढरी, माणसाच्या हाताएवढी. मग झाड आलं. मग झाडंच झाडं, गुलाबी, पिवळी, पंख्यासारखी पसरलेली, काही माणसाहून उंच. त्यांच्या फांद्यांत झिंगे बसले होते, बुंध्यांशी आजोबा निवांत उभे होते. जावईने आयुष्यभर प्रवाळ पाहिले होते ते तुकड्यांत, काट्यावर. उभं रान त्याने कधीच पाहिलं नव्हतं. तो खुर्चीत पुढे सरकला. आणि तेवढ्यात चित्राच्या खालच्या बाजूने जाळ्याच्या खालच्या दोरात ओवलेली जड रबरी चाकं आली. झाडं वाकली, मोडली, चाकांखाली गेली. जाळ्याच्या आत आली ती चार काटक्यांएवढी. बाकी सगळं खालीच राहिलं, चिरडलेलं. जाळं पुढे गेलं. पुढे आणखी झाडं होती, आणि तीही गेली.

त्याने ते पुन्हा पाहिलं. मग दक्षिण उताराचं जुनं चित्रण काढलं, ज्यावर सगळे जांभया देत उठून गेले होते. दगडांचे म्हणून जे खुंट त्याला वाटले होते, ते दगड नव्हते. ती बुडखे राहिलेली झाडं होती. अख्खा उतार.

काटा शून्य दाखवत होता कारण तिथे तोडायला काही शिल्लकच नव्हतं. आणि जिथे खरी तोड चालू होती तिथेही काटा गप्पच होता, कारण तुटलेलं वर येतच नव्हतं. त्यात तो पाच मैलांचा नियम! तो नियम करणाऱ्या मंडळींत हा स्वतः बसला होता, मोठ्या अभिमानाने. त्या नियमाने काय केलं होतं, तर जहाजाला उजाड जागेवरून उचलून भरल्या रानात आणून सोडलं होतं.

संध्याकाळी डावाच्या आधी त्याने मामाला केबिनमध्ये बोलावलं. खरं तर दाखवायची गरज नव्हती. पण डबा मामाने बांधला होता, आणि भिडूच्या पाठीमागे काही करणं त्याला जमेना.

मामा बर्थच्या कडेवर बसून पाहत राहिला. झाडं आली तशी त्याची मान पुढे झाली. "हे खाली आहे?" तो लहान मुलासारखा म्हणाला. "एवढं सगळं?" मग चाकं आली. संपेपर्यंत मामाने नजर हलवली नाही.

"तू हे वर देणार," शेवटी तो म्हणाला.

"द्यायला हवं, मामा."

"मग डोंगर बंद होणार."

"बहुतेक."

"आणि डोंगर बंद झाला की हे जहाज धक्क्याला. इतर कुठे जायचं तर इंधनच परवडत नाही, कॅप्टन दर वर्षी रडतो." मामा आपल्या तळव्यांकडे पाहत होता. "बाकीची पोरं तरणी आहेत, कुठेही लागतील. मला या वयात विंचवर कोण उभं करणार?"

जावईने चित्रण बंद केलं.

"पैशाचं नाही रे म्हणत मी. माझ्यापुरतं आहे. पण घरी काय आहे माझं? बायको गेली. पोरगा लांब, तो सणासुदीला फोन करतो. मी घरी असलो ना, की सकाळपासून बोललेलाच नसतो. दुपारी दुकानात काहीतरी मागायला जावं तर आवाज फुटत नाही घशातून. इथे आलो की माणूस होतो." त्याने मान वर केली. "एक हंगाम थांब. नुसता एक. पुढच्या वर्षी मी आपणहून उतरतो, मग दे काय द्यायचं ते."

सरकारी माणसाच्या तोंडात जो शब्द कायम तयार असतो तोच जावईच्या तोंडून बाहेर पडला.

"बघतो."

"बघ," मामा म्हणाला आणि उठला. "चल, डाव लागलाय."

उरलेल्या दिवसांत मामाने तो विषय पुन्हा एकदाही काढला नाही. रोज सकाळी डबा बांधला, रोज संध्याकाळी हाक मारली, चुकलं की पहिल्यासारखाच ओरडला. त्याने गयावया केली असती, नाहीतर तोंड फिरवलं असतं, तर जावईला सोपं गेलं असतं. बंदरात उतरताना मामाने त्याची बॅग धक्क्यापर्यंत आणून दिली.

घरी आल्यावर जावईने खिडक्या उघडल्या. दीड खोलीचा फ्लॅट, बंद राहिला की त्याला कपाटाच्या आतल्यासारखा वास यायचा. फ्रिजमध्ये सुकलेलं अर्धं लिंबू होतं. शेजारच्या बाईंनी किल्ली परत दिली, "आलात का?" विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच दार लावलं. संध्याकाळी जेवण झाल्यावर, रोज ज्या वेळेला हाक यायची त्या वेळेला, तो उगाचच उठून उभा राहिला. मग परत बसला.

ताईचा फोन आला. ताई त्याची मोठी बहीण, दुसऱ्या शहरात राहायची, आठवड्यातून एकदा फोन करून जेवलास का विचारायची. त्याने तिला सगळं सांगितलं. इतकं तो कधी बोलत नसे, त्यामुळे ती आधी घाबरली.

"म्हणजे एक वर्षाचाच प्रश्न आहे ना?" ती म्हणाली. "मग थांब की. कोणाचं काय बिघडतंय? सरकारात तर एक वर्ष असंच जातं."

"ताई, ती झाडं फार हळू वाढतात. बोटाएवढी फांदी व्हायला पिढ्या जातात."

"झाडंच ना? माणसापेक्षा मोठी आहेत का ती?"

"आहेत काही," जावई म्हणाला. ताईला तो विनोद वाटला, आणि ती हसली.

तिचं म्हणणं त्याला पटलं नाही, पण मोहात मात्र पाडलं. कोणाला कळणार होतं? कॅमेरा नियमात नव्हताच. डबा बर्थखाली पडून राहिला असता तर कोणी विचारलं नसतं. पुढच्या हंगामात तो त्याच जहाजावर नेमणूक मागून घेऊ शकला असता. संध्याकाळी हाक आली असती. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, हेही त्याला आईनेच शिकवलं होतं. पण तो नकाशा पुढे घेऊन बसला की हिशेब एकाच जागी येऊन थांबायचा. त्या डोंगरावर हंगामात आणखीही जहाजं येत. उत्तर बाजू म्हणजे काही मोठं राज्य नव्हतं. एक अरुंद उतार होता. सगळी जहाजं नियम पाळून, पाच-पाच मैल सरकत, हंगाम संपायच्या आत तो उतार साफ करून मोकळी झाली असती. आणि प्रत्येक जहाजावरच्या निरीक्षकाने प्रामाणिकपणे लिहिलं असतं, स्वच्छ.

नियम ठरवणाऱ्या समितीची बैठक संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. लांब टेबल, बिस्किटांच्या बश्या, मागे कुरकुरणारा पंखा. त्याने चित्रण दाखवलं. झाडं आली तेव्हा खोलीतली कुजबुज थांबली, आणि चाकं आली तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. दिवे लागल्यावर मासेमारी कंपन्यांच्या वतीने आलेला माणूस बोलायला उठला. माणूस सभ्य होता. "चित्रण धक्कादायक आहे, वादच नाही," तो म्हणाला. "पण हे एका जहाजाचं, थोड्या दिवसांचं आहे. घाईने नियम बदलण्याऐवजी येत्या हंगामात सगळ्याच जहाजांवर कॅमेरे लावू. आम्ही खर्च करू. पुरेशी माहिती जमली की शास्त्रीय पायावर निर्णय घ्या."

दोघातिघांनी माना डोलावल्या. संस्थेच्या संचालकांनीही. अध्यक्षबाई जावईकडे वळल्या.

"तुम्ही तिथे होता. तुमचं मत सांगा. एक हंगाम थांबून आणखी माहिती गोळा केली तर चालेल?"

मामाने मागितलं होतं तेच हे. तेच, फक्त इस्त्री केलेल्या कपड्यांत आलेलं. आणि यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. जास्त माहिती मागणं हा तर शास्त्रज्ञाचा धर्मच. नुसतं "चालेल" म्हणायचं होतं. सगळे खूश झाले असते. त्याच्या तोंडात तो शब्द आलाही होता. त्याला मामाचा घसा आठवला, दुकानात उभा राहून आवाज न फुटणारा.

"नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचाच फुटत नव्हता, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, "नाही चालणार, बाई. हंगामानंतर माहिती भरपूर असेल. डोंगरावर काही नसेल."

त्याच हंगामापासून तो डोंगर तळाच्या जाळ्यांना बंद झाला. पुढे असंही ठरलं की पाण्याखालचा कुठलाही नवा डोंगर आधी कॅमेऱ्याने पाहिल्याशिवाय उघडायचा नाही, आणि वर आलेल्या तुकड्यांच्या वजनावरून खाली काय घडलं याचा अंदाज कोणी बांधायचा नाही. संचालकांनी त्याची पाठ थोपटली. दोन देशांतून पत्रं आली, आम्हालाही तुमची पद्धत सांगा म्हणून. तो रोज कार्यालयात जात राहिला आणि बंदराकडचा रस्ता टाळत राहिला.

जहाज विकलं गेल्याचं त्याला उडत उडत कळलं. मग त्याला राहवेना. कंपनीच्या कार्यालयातून पत्ता मिळवून एका दुपारी तो मामाकडे गेला. बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली, तळमजल्याची एक खोली. त्याने दार वाजवलं, आणि आतून इतक्या घाईघाईने पावलं आली की त्याला बरं वाटलं.

मामाने दार उघडलं. अंगात बनियन, दाढी वाढलेली. क्षणभर चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं, ते जावईच्या डोळ्यांदेखत मावळलं. "तू होय," तो म्हणाला. "ये. बस."

खोली स्वच्छ होती. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत रेडिओ. मामाने चहा केला. कप एकच होता, तो त्याने पाहुण्याला दिला आणि स्वतः वाटीतून प्यायला.

"वाचलं का ते खालचं?" मामाने विचारलं.

"उत्तर बाजू वाचली. आपण गेलो होतो तेवढी पट्टी गेली, बाकी उभी आहे."

"आणि दक्षिण?"

"ती येईल हळूहळू. पण ती पाहायला आपण नसू. आपल्यानंतरचेही नसतील."

मामाने मान हलवली. बराच वेळ तो वाटीत फुंकर मारत बसला. चहा कधीच निवला होता.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "ते चित्र मी पाहिलंय. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही."

येताना जावईने मनाशी ठरवलं होतं, की मामा चिडला तर ऐकून घ्यायचं, आणि नाही चिडला तर विचारायचं, मी अधूनमधून येत जाऊ का? रविवारी वगैरे. दोघेच असलो तरी काहीतरी खेळता येतं.

"मामा, मी म्हणत होतो—"

"पण आता येत जाऊ नकोस," मामा म्हणाला.

आवाजात राग नव्हता, म्हणून तर जावईला वेळ लागला समजायला.

"दार वाजलं ना मघाशी," मामा वाटी खाली ठेवत म्हणाला, "मला वाटलं, बोटीवरून बोलावणं आलं. बोट विकली हे ठाऊक आहे मला. तरी वाटलं. उठून धावलो. आणि दारात तू. तुझा दोष नाही. पण तू आलास की दर वेळी असंच होणार. मला नाही झेपायचं ते."

"बरं," जावई म्हणाला.

त्याने कप मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घातला. मामा दारापर्यंत आला, त्याच्या खांद्यावर आपला जड हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग दार लावून घेतलं.

गल्लीत रखरखीत ऊन होतं. बर्फाच्या कारखान्याच्या दाराशी एका गाडीत बर्फ भरणं चालू होतं, माणसं लाद्या ढकलत एकमेकांवर ओरडत होती. जावई जरा वेळ तिथेच उभा राहून त्यांचं ओरडणं ऐकत राहिला. त्याला फार एकटं वाटत होतं. खाली काळोखात ती झाडं उभी आहेत, हे त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं होतं, पण त्याने काही कमी झालं नाही.